एका बोअरला ‘साठा’ म्हणू नका

संपादक महोदय,

अमुक क्लेमवर (खनिज शोधण्याचा हक्क घेतलेल्या जागेवर) ड्रिलिंग झाले, ‘तीस मीटर जाडीत एक टक्का तांबे’ सापडले, म्हणजे मोठा साठा हाती आला, अशा बातम्या आपल्यासह सगळ्याच वृत्तपत्रांत येतात. त्यातला प्रत्येक आकडा खरा असूनही निष्कर्ष साफ चुकीचा असू शकतो. वाचक, आणि विशेषतः शेअर घेणारे, इथेच फसतात.

आधी ही ‘एक टक्का’ सरासरी कशी निघाली ते पाहा. दोन मीटरच्या तुकड्यात १२ टक्के तांबे आणि उरलेल्या २८ मीटरमध्ये जेमतेम ०.२ टक्का असेल, तरी हिशेब तीस मीटरला जवळपास एक टक्काच येतो. प्रत्यक्षात मात्र हाती असते एक अरुंद शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना खणायला न परवडणारा खडक. म्हणून निकालात आतला समृद्ध भाग वेगळा दिला आहे का आणि सरासरीसाठी किमान किती टक्क्यांची मर्यादा धरली, हे बघावे. दोन्ही दिलेले नसेल तर तो आकडा छापू नये, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट जाडीची. तीस मीटर ही बोअरमधली लांबी असते. धातुकाचा (धातू असलेल्या खडकाचा) पट्टा कोअरच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाच्या, अक्षाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर खरी जाडी निम्मी, म्हणजे १५ मीटर. बोअर पट्ट्याच्या उताराच्या दिशेनेच मारला तर पाच मीटरच्या पट्ट्यातूनही शंभर मीटरचा ‘निकाल’ काढता येतो. ‘खरी जाडी अद्याप ठरलेली नाही’ ही ओळ कंपनीच्या निवेदनात तळाशी असते आणि बातमी करताना तीच नेमकी गळते.

कोअर पूर्ण निघाला का, हेही विचारायला हवे. भुसभुशीत, काजळीसारखे चाल्कोसाइट हे तांब्याचे खनिज ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि टक्केवारी कमी दिसते. मऊ मातकट खडक वाहून गेला तर ती वाढते. रिकव्हरी (ड्रिल केलेल्या लांबीपैकी हाती आलेला कोअर) ९० टक्क्यांच्या खाली गेलेल्या टप्प्याकडे संशयानेच पाहावे.

नमुन्यांची शिस्त त्याहून महत्त्वाची. कोअर हिऱ्याच्या करवतीने उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा बॉक्समध्ये राहतो. साधारण वीस नमुन्यांमागे एक प्रमाणित (टक्केवारी आधीच माहीत असलेला), एक कोरा (तांबे नसलेला) आणि एक दुबार (त्याच कोअरचा दुसरा) नमुना घुसवतात. कोऱ्या नमुन्यात तांबे दिसले तर आधीच्या नमुन्याची भुकटी चक्कीत राहिली होती, असे समजून ती तुकडी पुन्हा तपासतात. अहवालात ‘१०,००० पीपीएमपेक्षा (एक टक्क्यापेक्षा) जास्त’ अशी खूण म्हणजे त्या पद्धतीची मर्यादा संपली; तिथे जास्त टक्केवारीसाठीची वेगळी चाचणी लागते. १९९७ मध्ये उघड झालेला ब्रे-एक्स या कॅनडातल्या कंपनीचा, नमुन्यांत बाहेरून धातू मिसळल्याचा घोटाळा सोन्याचा होता, पण धडा तोच: जवळजवळ सगळा कोअर दळून टाकलेला, त्यामुळे पडताळायला अर्धा उरलाच नव्हता. कॅनडातला एनआय ४३-१०१ हा प्रकटीकरणाचा (खाण कंपन्यांनी माहिती कशी जाहीर करायची याचा) नियम त्यानंतर, २००१ मध्ये, लागू झाला.

ड्रिलिंगच्या आधीच्या सर्वेक्षणांवरही मथळे येतात. विद्युतचुंबकीय सर्वेक्षण जमिनीखालचा विजेचा वाहक दाखवते, पण तो ग्रॅफाइट किंवा निव्वळ पायराइटही (लोखंड-गंधकाचे खनिज) असतो. उलट, जस्ताचे मुख्य खनिज स्फॅलेराइट वीज नीट वाहतच नाही, म्हणून शुद्ध जस्ताचा साठा या यंत्राला चुकवतो. मातीच्या नमुन्यांत जस्त आम्लधर्मी पाण्याबरोबर उताराखाली सरकते, शिसे बहुतांशी जागेवर राहते. दोघांची शिखरे वेगळ्या ठिकाणी आली तर बोअर शिशाच्या बाजूने आखलेला बरा. यातूनही मोठे शोध लागतात. कॅनडात ऑन्टारियोतल्या किड क्रीक या तांबे-जस्ताच्या खाणीच्या जागी १९६३ मध्ये पहिला बोअर विमानातून टिपलेल्या अशाच एका संकेतावर मारला होता. पण असे असंख्य संकेत ग्रॅफाइटवर संपतात आणि त्यांची बातमी होत नाही.

राहिला ‘साठा’. पुरेसे बोअर झाल्यावर संसाधन, म्हणजे जमिनीतल्या धातुकाचा अंदाज, ठरते; खात्री वाढत जाईल तसे आधी अनुमानित, मग निर्देशित आणि मापित. ‘साठा’ म्हणायला खाणकामाचा खर्च, धातू निघण्याचे प्रमाण, पाणी, परवाने हे सगळे तपासलेले लागते. अनुमानित संसाधन थेट साठ्यात घेता येत नाही. वरच्या थरातले ऑक्सिडीकृत (हवा-पाण्याने बदललेले) तांबे सल्फाइडसाठीच्या (गंधकयुक्त खनिजांसाठीच्या) फ्लोटेशनमध्ये, म्हणजे फेसावर खनिज तरंगवून वेगळे काढण्याच्या पद्धतीत, नीट येत नाही, तरी टक्केवारीत ते पूर्ण मोजले जाते. ‘तांबे-समतुल्य’ (सोबतचे इतर धातू भावानुसार तांब्यात मोजलेल्या) आकड्यात तर गृहीत धरलेले भावही मिसळलेले असतात. आणि बहुतेक ठिकाणी क्लेम हा शोधाचा हक्क असतो, खाण चालवण्याची परवानगी वेगळी मिळवावी लागते.

बातमीत खरी जाडी, सरासरीची मर्यादा, कोअर रिकव्हरी आणि संसाधनाचा वर्ग एवढे चार तपशील छापावेत, आणि कंपनीने ते दिले नसतील तर तसे लिहावे, ही विनंती.

आपला,
खनिज समन्वेषणाच्या कामातला एक वाचक