शनिवारची गाडी आमच्या मैदानांपर्यंत यावी : व्हिक्टोरिया राज्याच्या सार्वजनिक परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक परिवहन मंत्री,
व्हिक्टोरिया राज्य, मेलबर्न.

सविनय नमस्कार.

मी बेंडिगो शहराच्या उत्तर टोकाला, हंटली या उपनगरात राहते. माझे माहेर भुसावळचे. वडील रेल्वेत होते, आणि कोणती गाडी गेली यावर घरातल्या चहाची वेळ ठरायची, अशा घरात मी वाढले. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत लिहीत आहे ते इथल्या मराठी घरांसाठी. इथल्या रुग्णालयात, विद्यापीठात आणि बँकेत काम करणारी ही माणसे शनिवार उजाडला की मुलांना मैदानावर कोण सोडणार आणि कोण आणणार या विवंचनेत असतात, त्यांनाही आपली मागणी काय आहे हे आपल्या भाषेत वाचता यावे.

मागणी एकच आहे. फुटबॉलच्या हंगामात, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, दर शनिवारी बेंडिगोच्या उपनगरांना एकमेकांशी जोडणारी गाडी सोडावी.

हे शहर कसे वाढले ते पाहिले की या मागणीचे कारण समजते. 1851 मध्ये बेंडिगोच्या ओढ्याकाठी सोने सापडले, आणि सोने असलेल्या गारगोटीच्या शिरा जमिनीखाली जशा धावत होत्या तशी वर खाणकामगारांची वस्ती धावली. त्यामुळे शहर एका मध्याभोवती गोल न वाढता लांबट, सुटे-सुटे पसरले. लाँग गली, कॅलिफोर्निया गली, सेलर्स गली अशी उपनगरांची नावे आजही आहेत. इथे ‘गली’ म्हणजे आपली गल्ली नव्हे, तर घळ. ईगलहॉकची तर 1994 पर्यंत स्वतःची नगरपालिका होती, आणि तिथली माणसे आजही आपल्या गावाचा उल्लेख ‘बरो’ असा अभिमानाने करतात. जुन्या खाणींपैकी अखेरच्या काळातील सेंट्रल डेबोरा 1954 मध्ये बंद झाली. तोवर या भूमीतून सुमारे 2 कोटी 20 लाख औंस सोने निघाले होते. खाणी गेल्या, पण उपनगरांचे वेगळेपण राहिले, आणि ते सर्वांत ठळकपणे दिसते ते शनिवारी, फुटबॉलच्या मैदानावर.

भारतातील वाचकांसाठी सांगायला हवे की हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूने लंबगोल मैदानावर खेळला जाणारा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. प्रत्येक बाजूला 18 खेळाडू, चार सत्रे, मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारला की सहा गुण. इथे त्याला नुसते ‘फुटी’ म्हणतात. बेंडिगोची लीग 1880 पासूनची आहे. सँडहर्स्ट हे शहराचे 1891 पर्यंतचे अधिकृत नाव, आणि त्या नावाचा क्लब 1861 पासून आहे. गोल्डन स्क्वेअर, साउथ बेंडिगो, कँगरू फ्लॅट, ईगलहॉक, स्ट्रॅथफिल्डसे : संघांची नावे म्हणजे उपनगरांचीच नावे. फुटबॉलच्या जोडीने त्याच आवारात मुलींचे आणि स्त्रियांचे नेटबॉलचे सामने होतात. सकाळी लहान गट, मग राखीव संघ, दुपारी मुख्य संघ. दिवसभर तीन पिढ्या एका कुंपणाभोवती उभ्या असतात, आणि खाण्याच्या खिडकीमागे कोणाची ना कोणाची आई किंवा आजोबा पाळी करत असतात. आमच्यासारख्या दूरदेशाहून आलेल्या घरांना या शहरात ओळखी मिळाल्या त्या कार्यालयातून कमी आणि या कुंपणापाशी अधिक.

आता या मैदानांचा नकाशा रेल्वेच्या नकाशावर ठेवून पाहावा, ही आपणांस विनंती आहे. मेलबर्नहून बेंडिगोला रेल्वे आली ती 20 ऑक्टोबर 1862 रोजी. दोनच वर्षांत ती पुढे मरी नदीकाठच्या इचुकापर्यंत गेली, आणि ईगलहॉकवरून जाणारा दुसरा फाटा 1890 मध्ये स्वान हिलला पोहोचला. माझी मुलगी हंटलीकडून नेटबॉल खेळते. ज्या हीथकोट जिल्हा लीगमध्ये हंटलीचा संघ आहे, तिच्यातील एल्मोरला याच इचुका मार्गावर स्थानक आहे. व्हाइट हिल्स आणि नॉर्थ बेंडिगो हे संघ याच मार्गालगतच्या उपनगरांचे. नॉर्थ बेंडिगोला 1917 मध्ये रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि दोन्ही फाटे तिथेच वेगळे होतात. पण या दोन्ही उपनगरांत आज गाडी थांबत नाही. दक्षिणेला गोल्डन स्क्वेअरचे स्थानक बंद झाले असून गाड्या न थांबता पुढे जातात. कँगरू फ्लॅटला मात्र थांबतात. त्याच्याही पुढे कॅसलमेन. 1859 पासूनचा हा क्लब बेंडिगोच्याच लीगमध्ये खेळतो आणि त्याचे मैदान, कॅम्प रिझर्व्ह, रेल्वे स्थानकाला लागूनच आहे. गाडीतून उतरून पाच मिनिटांत कुंपणापाशी उभे राहता येते. राष्ट्रीय लीगच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा नॉर्म स्मिथ पुरस्कार तीन वेळा मिळवणारा डस्टिन मार्टिन त्याच गावचा.

आमचे वेळापत्रक मात्र बेंडिगोकडे फक्त मेलबर्नला जाण्याचे ठिकाण म्हणून पाहते. मेलबर्नच्या मोठ्या मैदानावरील सामना पाहायचा असेल, तर शनिवारी गाडी आहे आणि भाडेही परवडते. हंटलीहून ईगलहॉकला जायचे असेल, तर रूळ आहेत, दोन्ही टोकांना फलाट आहेत, पण दिवसातल्या मोजक्या गाड्यांच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. 1972 पर्यंत याच शहरात ईगलहॉक, गोल्डन स्क्वेअर, नॉर्थ बेंडिगो आणि क्वॉरी हिल अशा चार बाजूंना ट्राम जात होती. आज ती पर्यटकांना फिरवते. तिची निगा इथली माणसे मनापासून राखतात, याचा मला आदर आहे, पण तिच्यात बसून कोणी खेळायला जात नाही.

गेल्या हंगामातील एक शनिवार सांगते. माझी रुग्णालयात सकाळची पाळी होती, नवरा परगावी होता आणि घरातली एकुलती एक मोटार दुरुस्तीला गेली होती. मुलीचा सामना शहराच्या दुसऱ्या अंगाला होता. तिने तीन मैत्रिणींना विचारले. दोघींच्या गाड्या भरलेल्या होत्या, तिसरीचे घर उलट दिशेला होते. ती सोळा वर्षांची मुलगी गणवेश घालून, केस बांधून, दारातल्या पायरीवर अकरा वाजेपर्यंत बसून राहिली. तिचा संघ त्या दिवशी एक खेळाडू कमी घेऊन खेळला. यात कोणाची चूक नव्हती, म्हणूनच मला ते अधिक लागले. आमच्या घरामागून रूळ जातात, आणि त्या सकाळी ते मोकळे होते.

सरकारने काही केले नाही, असे मी म्हणत नाही. 2014 मध्ये एप्समचे स्थानक झाले. 2021-22 मध्ये गूर्नाँग, रेवुड आणि आमचे हंटली यांना पुन्हा स्थानक मिळाले. मार्च 2023 पासून राज्यभराच्या भाड्याला शहरी भाड्याएवढी कमाल मर्यादा घातली गेली, आणि 1 जानेवारी 2026 पासून 18 वर्षांखालील मुलांचा प्रवास मोफत झाला. हा शेवटचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे माझ्या मुलीच्या हाती आता फुकट प्रवासाचे कार्ड आहे. तिला हवी ती वेळेवरची गाडी. फलाट बांधण्याचा मोठा खर्च आधीच होऊन गेला आहे, आणि आता उरला आहे तो प्रश्न मुख्यतः डबे आणि माणसे शनिवारी कोणत्या वेळी चालवायची याचा आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत. 1862 चा दुहेरी मार्ग कायनटन ते बेंडिगो या भागात 2006 च्या सुमारास पूर्ण झालेल्या वेगवान रेल्वे प्रकल्पात बराचसा एकेरी केला गेला. गाड्या ताशी 160 किलोमीटरने धावू लागल्या खऱ्या, पण एक गाडी उशिरा आली की समोरची खोळंबते. दगडी पूल आणि बोगदे दोन रुळांसाठी बांधलेले असताना त्यावर एकच रूळ ठेवणे ही माझ्या मते त्या प्रकल्पातली सर्वांत मोठी चूक होती आणि ती कधीतरी दुरुस्त करावीच लागेल. म्हणूनच दक्षिणेकडची मागणी मी आज पुढे रेटत नाही. उत्तरेकडे मेलबर्नच्या गाड्यांची एवढी गर्दी नाही. हंटली, एप्सम, बेंडिगो, ईगलहॉक आणि परत, अशी एकच गाडी सकाळी लवकर, दुपारी मुख्य सामन्याआधी आणि संध्याकाळी शेवटचा भोंगा वाजल्यानंतर फिरवावी. स्ट्रॅथफिल्डसेला रेल्वे नाही, कँगरू फ्लॅटचे मैदान स्थानकापासून दूर आहे; त्यांच्यासाठी बेंडिगो स्थानकातून त्याच वेळांना बस जोडावी. व्हाइट हिल्स, नॉर्थ बेंडिगो आणि गोल्डन स्क्वेअर येथे साधा थांबा देता येईल का, याची पाहणी दरम्यान व्हावी.

2021 च्या जनगणनेत ग्रेटर बेंडिगोची लोकसंख्या 1,21,000 हून अधिक होती, आणि हंटलीकडची शेते दर वर्षी घरांच्या प्लॉटांत बदलत आहेत. या नव्या वस्त्यांत राहायला येणारी अनेक कुटुंबे एका मोटारीची आहेत आणि त्यांपैकी बरीच पाळीची कामे करतात. ज्यांची मुले खेळत नाहीत, त्यांनाही शनिवारी बाजारात, रुग्णालयात, ग्रंथालयात जायचेच असते, आणि ही गाडी त्यांच्याही उपयोगी पडेल.

लीगचे सामने हंगामाच्या कितीतरी आधी ठरतात. पुढील हंगामाचे वेळापत्रक हाती येताच आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांनी लीगच्या आणि क्लबांच्या प्रतिनिधींसोबत बेंडिगोत एक बैठक घ्यावी आणि निदान एका हंगामापुरती ही गाडी चालवून पाहावी. बैठक शनिवारी ठेवली, तर आपण स्वतः हंटलीच्या फलाटावर उतरावे. मी आणि माझी मुलगी आपणांस मैदानापर्यंत चालत घेऊन जाऊ.

आपली नम्र,
हंटली, बेंडिगो येथील एक मराठी रहिवासी