सातपुड्यात मागचा शॉकअप कशाला?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सातपुड्यातल्या सायकलस्वारीवर लेख आला, वाचून आनंद झाला. मात्र ‘डोंगरात जायचं तर फुल सस्पेन्शनच घ्या’, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घ्या, हा त्यातला सल्ला मला पटला नाही. शहाद्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा उघडताना आणि दसऱ्याला बाप-लेक दुकानात येतात नि मागणी ठरलेली: “पोऱ्याले डबल शॉकअपनीच सायकल जोयजे!” त्या बापाचे पैसे कुठे जातात, ते मी रोज बघतो.

दहा-बारा हजारांच्या डबल शॉकअपमध्ये मागे नुसती स्प्रिंग असते. तिचा झटका आवरणारं तेल किंवा हवा आत काहीच नसतं. दुकानात सीट हाताने जोरात दाबून सोडून बघा. सीट टणकन वर उसळली, तर ती सायकल खड्ड्यात तुम्हालाही तशीच उसळवणार. चढावर प्रत्येक पायडलला स्प्रिंग दबते, पायातला जोर तिथेच जिरतो. त्यात वजन अठरा-वीस किलो. अशा सायकलीवर तोरणमाळचा घाट चढायला निघालेली पोरं वाटेतूनच टेम्पोत सायकल टाकून परत आलेली मी पाहिली आहेत. आणि तो घाट तर डांबरी आहे! तिथे मागच्या शॉकअपचं कामच काय?

खरी फुल सस्पेन्शन वेगळी, हे मान्य. दगडधोंड्यांच्या उतारावर तिचं मागचं चाक जमीन सोडत नाही, ब्रेक धरतो, कंबर शाबूत राहते. 2012च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने अशाच सायकलवर सुवर्ण जिंकलं. पण तिची किंमत लाखाच्या पुढे. शिवाय मागच्या सांध्यांत बेअरिंगं असतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात तिथे अशी बसते की खुरप्याने खरवडावी लागते. मग लोक शेतातल्या मोटारीच्या धारेखाली सायकल धरतात, माती जाते आणि बेअरिंगमधलं ग्रीसही जातं. हवेच्या शॉकचं साधारण पन्नास तास चालवल्यावर सर्व्हिसिंग करावं लागतं. त्याची सील आणि हत्यारं माझ्याकडे नाहीत. शॉक काढून पार्सलने नाशिक-पुण्याला पाठवायचा नि सायकल तोवर भिंतीला.

त्यापेक्षा चाळीस-पन्नास हजारांत पुढे चांगला फोर्क (पुढचा शॉकअप) आणि हायड्रॉलिक ब्रेक असलेली हार्डटेल, म्हणजे मागे शॉकअप नसलेली सायकल येते. फोर्कला लॉकआउट (शॉकअप बंद करायची कळ) असला तर डांबरी चढावर तो बंद करता येतो. राहिलेले पैसे टायरवर घाला, हे मी हात जोडून सांगतो. इथला खरा शत्रू खड्डा नाही, बाभळीचा काटा आणि गोखरू आहे. बांधावरून एक फेरी मारून आलेल्या टायरमधून मी चिमट्याने काटे उपसत बसतो, एक काढला की शेजारी दुसरा. सव्वादोन इंची ट्यूबलेस टायर बसवा, आत सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) टाका; गोखरूचं भोक आपोआप बुजतं. ट्यूबच नसल्याने ती चिमटून पंक्चर व्हायची भीती जाते, म्हणून हवाही कमी ठेवता येते. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला बावीस ते पंचवीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते, मागे जरा जास्त. गाडरस्त्याचे निम्मे धक्के तो टायरच खातो. सीलंट मात्र उन्हाळ्यात लवकर वाळतं, एप्रिल-मे मध्ये दर महिन्याला बघत जा.

ज्यांना नाल्यातल्या गोट्यांवरून, पायवाटेने वेगात उतरायचंच आहे आणि सर्व्हिसिंगचा खर्च झेपतो, त्यांनी फुल सस्पेन्शन जरूर घ्यावी. पण शाळा-क्लासला जाऊन सुट्टीच्या दिवशी डोंगर गाठणाऱ्या पोरांसाठी तो सल्ला नाही. पुढच्या पुरवणीत हा फरक किमतीसकट छापावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक सायकल दुरुस्तीवाला, शहादा (जि. नंदुरबार)