एका भट्टीच्या फळ्या आणि दोघांचे काम

माननीय संपादक महोदय,

छत्रपती संभाजीनगरात आम्ही काही जण ज्या प्रशिक्षण केंद्रातील विजेची भट्टी भाड्याने वापरतो, तिथे एका आठवड्यात मातीची भांडी भाजली जातात, तर दुसऱ्या आठवड्यात काचेचे तुकडे वितळवून जोडण्याचे, म्हणजे फ्युजिंगचे काम होते. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीची काचेची थाळी भट्टीतील फळीला, म्हणजे काम मांडण्याच्या उष्णता सोसणाऱ्या सपाट लादीला, अशी चिकटली की ती सोडवताना थाळीचे तुकडे झाले आणि फळीचाही टवका निघाला. केंद्राने फळीची भरपाई तिच्याकडूनच वसूल केली. चूक तिची नव्हती, फळी कोणी आणि कशी तयार करायची याचा नियमच तिथे नव्हता, म्हणून हे पत्र.

फळीवर काम चिकटू नये म्हणून जो पांढरा लेप देतात, त्या किल्न वॉशमध्ये मुख्यतः केओलिन ही पांढरी माती आणि ॲल्युमिना हायड्रेट ही उष्णता सोसणारी पूड असते. (याच केओलिनच्या, साच्यात घडवलेल्या सातवाहनकालीन मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत, तेव्हा ही पांढरी माती मराठवाड्याला परकी नाही.) मातीकाम करणाऱ्याच्या दृष्टीने हा लेप टिकाऊ असतो, ग्लेझचा, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत मुलाम्याचा, थेंब पडला तर तेवढीच जागा खरवडून तो पुन्हा लेप लावतो आणि तीच फळी महिनोन्महिने वापरतो. काचकामात मात्र पूर्ण फ्युजिंग साधारण 800 अंश सेल्सिअसच्या आसपास होते, आणि एकदा त्या तापमानाला गेलेल्या लेपावर दुसऱ्यांदा काच ठेवली तर तो लेप काचेच्या पाठीला खरखरीत पांढरा थर होऊन बसतो. साच्यात काच नुसती वाकवायची असेल तर तापमान कमी लागते आणि तोच लेप अनेकदा चालतो. पूर्ण फ्युजिंगनंतर मात्र जुना लेप खरवडून नवा द्यावाच लागतो. एकच पांढरी फळी पाहून दोघेही ती तयार आहे असे समजतात, आणि गफलत तिथेच होते.

त्यातही ग्लेझचा जुना थेंब सर्वांत घातक. ग्लेझ म्हणजे मुळात काचच असल्याने वरून लेप फासून तो लपवला तरी भरवसा राहत नाही. शिवाय मातीकामात 1200 अंशांपर्यंत भाजलेला लेप इतका घट्ट बसतो की तो काढताना फळीला खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत अडकलेली हवा काचेत बुडबुडा होऊन वर येते. म्हणून काचेसाठीच्या फळ्या वेगळ्या असाव्यात, त्यांच्या कडेवर तशी खूण असावी आणि ग्लेझ केलेले काम त्यांवर कधीही ठेवू नये. फळी वाकली आहे का, हे स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून लगेच कळते.

लेप दुधासारखा पातळ करून मऊ ब्रशने उभा, आडवा आणि तिरपा असा चार-पाच हात द्यावा, तोही फक्त वरच्या बाजूस, कारण खालच्या बाजूचा लेप सुटून खालच्या थरातील कामावर पडतो. आपल्याकडे मे महिन्यात फळी उन्हात चटकन वाळल्यासारखी दिसते, पण आत मुरलेला ओलावा जात नाही. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. तेव्हा रिकाम्या भट्टीत सुमारे 260 अंशांवर ती थोडा वेळ तापवून मगच काच मांडावी.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे विद्यार्थी चालू पंख्याखाली, तोंडाला साधा रुमाल बांधून कोरडा लेप खरवडतात. ही बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि रुमालाने अडत नाही. पाण्याचा हलका फवारा मारून, योग्य मास्क लावूनच हे काम व्हायला हवे.

चार वेगळ्या फळ्या आणि भट्टीशेजारी एक वही, ज्यात कोणती फळी कोणत्या तापमानाला गेली याची नोंद प्रत्येकाने करावी, एवढा खर्च आणि एवढी शिस्त कोणत्याही केंद्राला जड नाही. ती सोय होईपर्यंत चिकटलेल्या फळीची पावती काचकाम शिकणाऱ्याच्या नावाने फाडू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक मातीकाम शिक्षक, छत्रपती संभाजीनगर