पासष्टी ओलांडली की बाई श्रीमंत होते का, मंत्रिमहोदय?

मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे 65 वर्षांवरच्या निराधारांच्या निवृत्तिवेतनाचा, आणखी एक अर्ज ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त’ असा शेरा घेऊन परत आला आहे. अर्जदार विधवा आहे, भूमिहीन आहे. वयाची 65 वर्षे पूर्ण झाली म्हणून तिची लाडकी बहीण बंद झाली. तिथे वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती अडीच लाखांची, श्रावणबाळला आहे 21,000 ची. तिच्या दाखल्यावर 36,000 लिहिलेले आहे. चौसष्टाव्या वर्षी जी गरीब होती ती सहासष्टाव्या वर्षी तुमच्या कागदावर सुखवस्तू ठरली. दोन्ही योजना एकाच सरकारच्या, रक्कमही तीच, महिना 1,500. तहसील कार्यालयाने नियम पाळला. नियमच चुकीचा आहे आणि तो तुमच्या विभागाचा आहे.

21,000 ला 365 ने भागून पाहा. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये होता. घरातल्या एकाने 68 दिवस माती उचलली की 21,216 होतात आणि घरातली म्हातारी अपात्र. कायद्याने हमी दिली होती 100 दिवसांची! श्रावणबाळचे अनुदान महिना 600 होते, 2019 मध्ये 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500 झाले. मर्यादा जागची हलली नाही. त्यामुळे तलाठ्यापुढे दोनच वाटा उरतात. खरे उत्पन्न लिहिले तर अर्ज मरतो, 21,000 च्या आतले लिहिले तर खोटा अहवाल होतो. गरिबाला आणि कर्मचाऱ्याला दोघांनाही खोटे बोलायला लावणारी ही अट कोणाच्या सोयीसाठी जपली आहे?

आता कमावता माणूस गेलेल्या घराचे पाहू. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20,000 तहसीलमधून मिळतात. मृताचे वय 18 ते 59 असावे आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचे असावे. ती यादी 2002 च्या सर्वेक्षणाची. त्यानंतर लग्न होऊन वेगळे राहिलेले घर त्यात सापडणार कसे? निराधार अनुदानाची फाईल त्याच तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत, पण वेगळी. मुलांच्या बाल संगोपनाचे महिना 2,250 महिला व बाल विकास विभागाकडे. त्यासाठी मुलांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समितीपुढे जायचे. वारस नोंद तलाठ्याकडे, रेशनकार्डावरचे नाव पुरवठा शाखेकडे. प्रत्येक ठिकाणी तोच मृत्यूचा दाखला, तेच आधार, त्याच झेरॉक्स, आणि प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते.

वास्तविक हा सगळा माग एका ठिकाणाहून निघू शकतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत होते. नोंद घेणाऱ्या ग्रामसेवकाने त्याच वेळी एक पानी नमुना भरावा: मागे पत्नी आहे का, तिचे वय, मुले किती, कोणत्या इयत्तेत, बँक खाते कोणते. सहा वर्षांखालच्या मुलांची माहिती अंगणवाडी सेविकेच्या नोंदीत आधीच असते. एक प्रत संगांयो शाखेला जावी, एक जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, एक तलाठ्याला. पुढची चौकशी कार्यालयांनी गावात येऊन करावी. पासष्टीला येणाऱ्यांचेही तसेच. लाडकी बहीणच्या नोंदीत जन्मतारीख आहे, तर अनुदान बंद होण्याच्या तीन महिने आधी ती यादी तहसीलला का जात नाही?

थेट खात्यात पैसे आल्यापासून नवाच गुंता झाला आहे. खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, तेच खाते आधारवर नोंदलेले असणे (सीडिंग) वेगळे. पैसा फक्त शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात पडतो. मध्येच कोणी पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत नवे खाते काढून दिले, सीडिंग तिकडे सरकले, की जुन्या पासबुकावर महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि बाईला वाटते अनुदान बंद झाले. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडले की बँकेचे नाव दोन मिनिटांत कळते. पण त्यासाठी मोबाईलवर ओटीपी यावा लागतो, आणि आधारला लागलेला नंबर पुष्कळदा गेलेल्या नवऱ्याचाच असतो. मग आधी नंबर बदलायचा. तिथे बहुधा बोट लावायला सांगतात आणि राबून झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. हे सांगायला गावात एकही पगारी माणूस नाही.

माणूस नेमायला पैसा नाही, हे उत्तर देऊ नका. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी राखीव असतात. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात मात्र पेव्हर ब्लॉक आणि कमानी आधी बसतात, कारण त्यांचे बिल निघते आणि उद्घाटनही होते. आराखड्याचा साचा वरून येतो, योजना मुंबईत ठरतात, निवडणुकीआधी लाडकी बहीणचे 1,500 वरून 2,100 करण्याचा शब्द दिला जातो, आणि गावात कोणती विधवा कोणत्या कारणाने अडली हे लिहायला त्या आराखड्यात रकानासुद्धा नाही. पंचायत राज म्हणायचे आणि पंचायतीला फक्त शिक्का मारायला ठेवायचे, हे किती वर्षे चालणार?

उत्पन्नाची मर्यादा निदान रोजगार हमीच्या 100 दिवसांच्या मजुरीच्या वर न्या. पासष्टीला योजना आपोआप बदला. मृत्यू नोंदीबरोबरचा नमुना सक्तीचा करा आणि नामंजूर अर्जांची यादी कारणांसह दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. आश्वासनाचे पत्र पाठवू नका. पुढच्या ग्रामसभेत बायका विचारतील तेव्हा शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख वाचून दाखवता आली पाहिजे.

आपला,
गावात निराधारांचे अर्ज भरून देणारा एक नागरिक