ज्यांना झेडपीबाहेर ठेवलं, तेच आज तिच्या डोक्यावर

मा. संपादक,
स. न.

स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळून झाला आणि प्रशासक राज, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांऐवजी सरकारी अधिकाऱ्यानेच कारभार चालवणं, हा विषय संपला, असं सगळे धरून चालले आहेत. मी जिल्हा परिषदेत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. हा विषय संपलेला नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि वसंतराव नाईक समितीच्या अहवालावर १९६१ चा कायदा उभा राहिला होता. त्या रचनेत दोन निर्णय फार विचारपूर्वक घेतले होते. एक, कलेक्टर जिल्हा परिषदेच्या बाहेर राहील. परिषदेला तिचा स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी असेल. दुसरा, आमदार-खासदार तिचे सदस्य नसतील. जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातून निवडून आलेल्या माणसांनी करायचा, तर महसुली सत्ता आणि मुंबईची सत्ता दोन्ही दारांबाहेर हवीत, असा त्यामागचा विचार. विलासराव देशमुख, आर. आर. पाटील ही माणसं याच परिषदांच्या सभागृहातून पुढे आली.

आज जिल्ह्याच्या विकासाचा पैसा ठरतो तो जिल्हा नियोजन समितीत. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सचिव जिल्हाधिकारी. ज्यांना १९६२ मध्ये बाहेर ठेवलं, ते आमदार आणि कलेक्टर, तेच दोघे. राज्यघटनेच्या २४३ झेडडी कलमाप्रमाणे या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा निवडणारेच उरले नाहीत. तरी बैठका होत राहिल्या, आराखडे मंजूर होत राहिले. पालकमंत्री हे पद तर घटनेत कुठेच नाही, पण त्या पदासाठी मित्रपक्षांत महिनोन्महिने ओढाताण चालते, ती कशासाठी हे जिल्ह्यातल्या कुठल्याही ठेकेदाराला ठाऊक आहे.

गावपातळीवर याचा अर्थ काय, ते सांगतो. शाळेची खोली गळकी आहे, उपकेंद्रात परिचारिका नाही, हे झेडपीचा सदस्य सर्वसाधारण सभेत उभा राहून सीईओंना विचारत असे. उत्तर इतिवृत्तात यायचं, पुढच्या सभेत अनुपालन, म्हणजे त्यावर काय केलं याचं उत्तर, द्यावं लागायचं. आम्हा कर्मचाऱ्यांना सभेच्या आधी फायली काढून बसावं लागे, आणि ते योग्यच होतं. सदस्य गेल्यावर तीच तक्रार घेऊन लोक आमदारांच्या कार्यालयात जाऊ लागले. तिथे इतिवृत्त नसतं. काम झालं तर साहेबांची कृपा, नाही झालं तर गाव विरोधी पक्षाचं होतं म्हणून. लेखाशीर्ष २५१५ (राज्य सरकारचा ग्रामविकासाचा निधी) खालची कामं आमदारांच्या शिफारसपत्रावर गावात येतात आणि ग्रामपंचायतीला ती कळतात फलक लागल्यावर, हा ग्रामसेवकांचा नेहमीचा अनुभव आहे.

शहरांचं चित्रही हेच. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. घटना म्हणते, पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक म्हणून मंजूरही आयुक्तांनीच केला. एकही नगरसेवक तिथे प्रश्न विचारायला नव्हता.

हे एका पक्षाचं पाप नाही. महाविकास आघाडीने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, शिंदे सरकारने पुन्हा २२७ केले. लोकांनी थेट निवडायचा सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतला, तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक यांचं एकमत झालं होतं. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, न्यायालयात होता, हे मान्य. पण त्यासाठी आवश्यक ती ओबीसींबाबतची माहिती वेळेत गोळा करणं सरकारचंच काम होतं, आणि ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला नसता तर निवडणुका आणखी किती लांबल्या असत्या?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की घटनेला हात न लावता, नुसती कारभाराची पद्धत बदलून तिचा हेतू उलटवता येतो. त्याच भाषणात त्यांनी खेड्यांच्या कौतुकावर कठोर टीका केली होती, हेही विसरू नये. गावातली सत्ता म्हणजे गावातल्या जातीची सत्ता, ही त्यांची भीती रास्त होती. म्हणून तर ७३ व्या घटनादुरुस्तीत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी राखीव जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा ५० टक्के केला. जिल्हा परिषदांवर प्रशासक बसला तेव्हा या सगळ्या जागा एका सहीने रिकाम्या झाल्या. आमदार आमदारच राहिले.

"प्रशासकाच्या काळात कामं भराभर होतात, टक्केवारी तरी नसते," असं सुशिक्षित लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. सदस्यांमध्ये टक्केवारीवाले होते, मी ते पाहिले आहेत. पण त्यांना पाडता येत होतं. बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या अधिकाऱ्याला कोण पाडणार?

म्हणून नव्याने निवडून आलेल्या सदस्यांनी पहिल्याच वर्षी सरकारकडे काही गोष्टी मागाव्यात, असं मला वाटतं. गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ), गण (पंचायत समितीचे) आणि शहरांतल्या प्रभागांची रचना पुन्हा राज्य निवडणूक आयोगाकडे द्या. प्रशासक सहा महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला पगार, पाणी, औषधं, स्वच्छता अशा चालू खर्चापलीकडे एकही नवं काम मंजूर करता येणार नाही, अशी तरतूद जिल्हा परिषद आणि महापालिका या दोन्हींच्या कायद्यांत घाला. मग निवडणूक लांबवण्यात कोणत्याच सरकारला फायदा उरणार नाही. आणि नियोजन समितीचं अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे सोपवा. यासाठी घटना बदलावी लागत नाही. विधिमंडळाने जिल्हा नियोजन समितीच्या १९९८ च्या स्वतःच्या कायद्यात दुरुस्ती केली की पुरे.

आपला वाचक,
एक निवृत्त विस्तार अधिकारी,
जि. सातारा