किडनीच्या धमनीला हृदयाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयाच्या स्टेंटविषयी, म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीविषयी, आपल्या आरोग्य पुरवणीत वरचेवर छापून येते. त्यामुळे ‘साधा की औषधाचा?’ हा प्रश्न पुण्यात आता घरोघरी ठाऊक आहे. किडनीची धमनी अरुंद झालेल्या पेशंटचे नातेवाईकही तेच विचारतात आणि उत्तर यायच्या आत ‘औषधाचाच टाका, पैशांचं बघू’ म्हणून मोकळे होतात. किडनीला हा हिशेब लागू पडत नाही.

हृदयाच्या धमन्या साधारण अडीच ते साडेतीन मिलिमीटरच्या. एवढ्याशा नळीत आतून पेशींची थोडी साय धरली तरी वाट बुजते, म्हणून ती रोखणारे औषध स्टेंटवर लावतात. किडनीची धमनी पाच ते सात मिलिमीटरची. तेवढीच साय धरली तरी रक्ताला वाट उरते. साधा स्टेंट आणि सिरोलिमस या औषधाचा लेप असलेला स्टेंट यांची तुलना ‘ग्रेट’ या चाचणीत १०५ पेशंटवर झाली. सहा महिन्यांनी धमनी पुन्हा अरुंद झाली ती साध्यात १४.३ टक्के आणि औषधाच्यात ६.७ टक्के जणांत. आकडे निम्मे दिसतात, पण पेशंट इतके थोडे की हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. शिवाय हृदयासाठीचे औषधलेपित स्टेंट बहुतांशी चार मिलिमीटरपर्यंतचे. तसला स्टेंट सहाच्या धमनीत एक तर भिंतीला टेकत नाही, नाहीतर मोठ्या फुग्याने ताणावा लागतो आणि जाळी कमजोर होते. धमनीच चारच्या आत असेल तर गोष्ट वेगळी.

खरी मेख आहे ती जागेत. उतारवयात अडथळा बहुधा महाधमनीतून फाटा फुटतो त्या तोंडाशीच असतो. अडथळा करणारा चरबीचा थर महाधमनीच्या भिंतीतूनच आलेला. नुसता फुगा फुगवला तर धमनी रबरासारखी परत मिटते. म्हणून इथे फुग्यावर बसवलेला, कडक, स्टीलचा किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा स्टेंट लागतो. लांबी बहुधा १२ ते १८ मिलिमीटर, आणि टोक महाधमनीत एक-दोन मिलिमीटर डोकावेल असे. टोक किडनीच्या धमनीतच राहिले तर नेमके तोंडच उघडे पडते. फार बाहेर आले तर पुढच्या वेळी कॅथेटर (बारीक नळी) आत नेताना दमछाक होते. आपोआप उघडणारे निटिनॉल या लवचिक मिश्रधातूचे स्टेंट पायाच्या धमनीत चालतात, कारण पाय वाकतो. इथे उघडताना त्यांचा नेम चुकू शकतो. आवरण असलेला स्टेंट हाताशी हवा, पण तो धमनी फाटलीच तर. फुगा फुगवताना पेशंट ‘कमरेत दुखतंय’ म्हणाला की तिथेच थांबायचे. धमनीचा बाहेरचा थर ताणला जात असल्याची ती खूण. पेशंट जागा असण्याचा हा मोठा फायदा.

तरुण बाईची धमनी अँजिओग्राफीत मण्यांच्या माळेसारखी दिसली, तर तो फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजिया, म्हणजे धमनीच्या भिंतीची वेडीवाकडी वाढ. तिथे फुगा पुरतो. स्टेंट फक्त अडचणीच्या वेळी. टाकायासू या धमन्यांना सूज आणणाऱ्या आजारात आधी सूज उतरवायची, नाहीतर जाळी पुन्हा बुजण्याची शक्यता फार.

मुळात स्टेंट हवाच का? ‘अ‍ॅस्ट्रल’ (२००९, ८०६ पेशंट) आणि ‘कोरल’ (२०१४, ९४७ पेशंट) या चाचण्यांत गोळ्यांना स्टेंटची जोड देऊन ठळक जादा फायदा दिसला नाही. पुन्हा पुन्हा अचानक फुफ्फुसात पाणी भरणे, तीन-तीन गोळ्यांना न जुमानणारे बीपी, दोन्ही बाजू अरुंद होऊन क्रिएटिनिन चढत जाणे (म्हणजे किडनीचे काम मंदावणे), अशा मोजक्यांसाठी विचार जरूर व्हावा. किडनी सात-आठ सेंटिमीटरच्या खाली आक्रसली असेल, तर धमनी उघडून सहसा काही हाती लागत नाही.

आता पैशाचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधाच्या स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, ती हृदयाच्या स्टेंटपुरती. किडनीच्या धमनीचा स्टेंट त्यात धरलेला नव्हता. तोही त्यात यावा, ही मागणी पुण्यातल्या ग्राहक संघटनांनी उचलायला हरकत नाही. तोवर नातेवाईकांनी सही करण्याआधी प्रकार, व्यास आणि किंमत लेखी मागावी. वेष्टनावरचे स्टिकर फाइलला लावून घ्यावे आणि घरी सोडण्याच्या सुमारास एक डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करून ठेवावा. स्टेंटमध्ये रक्ताचा वेग तसाही थोडा जास्तच दिसतो. पहिला आकडा हाताशी नसेल तर वर्षाने आलेला आकडा कशाशी ताडून बघणार?

आपला,
एक इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट,
एरंडवणे, पुणे