तेराव्यानंतरचे दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरात मृत्यू घडला की पहिले बारा-तेरा दिवस काय करायचे, हे आपल्या समाजाला उत्तम ठाऊक आहे. शेजारून जेवण येते, भावकीतली माणसे मुक्कामाला राहतात, कार्याची धावपळ कोणीतरी न सांगता अंगावर घेतो, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला एकटे बसायला सवडच मिळत नाही. अडचण सुरू होते ती त्यानंतर. पाहुणे परततात, बँकेची व वारसाहक्काची कागदपत्रे समोर येऊन पडतात, आणि ज्या सोबतीची खरी गरज आता असते ती नेमकी याच वेळी आटते. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की हे अधिकच जाणवते, कारण त्या वर्षी घरात माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळा-पानांची चौकट) बांधली जात नाही आणि सुतकाचे घर म्हणून लोकही संकोचाने उंबरठ्याबाहेरूनच चौकशी करून निघून जातात. रीत मोडा असे माझे म्हणणे नाही. परंतु सण न करणे आणि त्या घरात पाऊलही न टाकणे यांत फरक आहे, एवढे तरी आपण मानायला हवे.

मृत्यूला निदान तेरा दिवसांची रीत आहे. रोजगार गेला, कर्ज थकले, संसार मोडला किंवा घरात दीर्घ आजार शिरला, तर तीही नाही. गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांतील खाणींच्या गावांनी हे दोनदा अनुभवले आहे: एकदा २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा, आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या (खाण-लीजांच्या) कराराचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर १६ मार्च २०१८ पासून उत्खनन बंद झाले तेव्हा. खाणींनी शेतीचे आणि पाण्याचे काय केले हा वाद वेगळा आहे व तो व्हायलाच हवा. त्या काळात खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे कर्जहप्ते, बार्जींवरच्या (खनिजवाहू बोटींवरच्या) नोकऱ्या आणि महसुलाची तूट यांवर पुष्कळ बोलले गेले; मात्र अंगणात उभ्या असलेल्या ट्रककडे पाहत दिवस काढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला रात्री झोप लागते का, हे विचारणे कोणाचेच काम नव्हते. अशा माणसाला संध्याकाळी बसायला गावात एक जागा मात्र हमखास उघडी असते, ती म्हणजे बार.

आपण त्याला सांगतो, ‘धीर धर, हेही दिवस जातील.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि पुष्कळांचे दिवस खरोखरच जातातही. दुःख हा काही आजार नव्हे. तथापि दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप व भूक बिघडली आणि रोजची कामे होईनाशी झाली, तर ते नैराश्य असू शकते व त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर दोन आठवडेदेखील थांबू नये.

या बाबतीत गोव्याला बाहेरून फार काही शिकण्याची गरज नाही, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. आपल्याच राज्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत संवाद साधला. उदास माणूस घरात कोंडून घेतो आणि कोंडून घेतल्याने अधिकच उदास होतो. म्हणून त्याने कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) चक्कर मारणे, बाजारहाट करणे, भजनाला जाऊन बसणे यांसारख्या झेपतील त्या गोष्टी ठरवून पुन्हा सुरू कराव्यात, असा या पद्धतीचा गाभा आहे. तीन महिन्यांनंतर नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के, तर हे समुपदेशन न मिळालेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्के होते. घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठीच्या अशाच समुपदेशनाचेही गोव्यात चांगले परिणाम दिसून आले.

जे आपल्या गावांत सिद्ध झाले ते आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायमस्वरूपी असावे, ही माझी मागणी आहे. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञांची फौज लागत नाही. गावाची बोली आणि रीतिरिवाज जाणणारी प्रशिक्षित माणसे, त्यांना वेळेवर मिळणारे मानधन, आणि गंभीर रुग्णाला बांबोळीच्या मनोरुग्णालयापर्यंत पोहोचवण्याची सोय लागते. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने नागरिकाला दिलेला हक्क आहे. पंचायतींनाही ग्रामसभेत रस्ते आणि गटारांच्या जोडीला हा विषय घेता येईल. देवस्थान समित्यांनी आणि महिला मंडळांनी तेराव्यानंतरच्या महिन्यांत त्या घरी आळीपाळीने जाणारी दोन-तीन माणसे नेमली, तर त्याला पैसाही लागणार नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाच्या जाहिरातींचे पान दुःखातली घरे हमखास वाचतात. त्या पानाच्या तळाशी केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक रोज छापावा, आणि कोणत्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, याची माहिती आरोग्य खात्याकडून घेऊन आठवड्यातून एकदा तेथेच द्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
डिचोली, गोवा